शार्त्रचें कॅथीड्रल

युरोपांतील जुनीं प्रार्थनामंदिरें पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा मोठ्या राजधान्यांतच अडकून पडतो. पॅरिसचें नोत्र-दाम, रोमचें सेंट पीटर, लंडनचें सेंट पॉल हीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात. परंतु बाराव्या-तेराव्या शतकांतील ख्रिस्ती कलेचें रूप एकाच ठिकाणीं, बव्हंशीं अभंग स्थितींत पाहावयाचें असेल, तर पॅरिस सोडून नैर्ऋत्येस सुमारें ५५ मैलांवर असलेल्या शार्त्र नांवाच्या लहानशा गांवीं जावें लागतें.

आगगाडीचा हा प्रवास सुमारें तासा-सव्वातासाचा आहे. वाटेंत बोस नांवाचें विस्तीर्ण मैदान लागतें. हा प्रांत म्हणजे फ्रान्सचें गव्हाचें कोठार. जिकडे पाहावें तिकडे शेतें. टेकडी म्हणून नाहीं. या सपाटीवर, गांवाचीं घरें दृष्टीस पडण्यापूर्वींच, दोन उंच मनोरे आभाळांत उभे असलेले दिसूं लागतात. गाडी जवळ जाते तसतसें लक्षांत येतें कीं, हे मनोरे सारखे नाहींत. एक साधा, निमुळता, जवळ जवळ निराभरण आहे. दुसरा अधिक उंच व नक्षीनें भरलेला आहे. त्यांच्या पायथ्याशीं एर नदीच्या कांठीं वसलेलें गांव मात्र बेताचेंच. त्याची आजची वस्तीहि चाळीस हजारांच्या आंतबाहेर आहे; आठशें वर्षांपूर्वीं ती याहून पुष्कळच कमी होती.

साहजिकच पाहणाऱ्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. एवढ्याशा गांवानें एवढें प्रचंड मंदिर बांधलें कसें? आणि बांधलें तें आजवर टिकलें कसें? पहिला प्रश्न सर्वच वाटाडे सोडवून दाखवितात. दुसऱ्याकडे तितकें लक्ष जात नाहीं. वस्तुतः तोच अधिक विचार करण्याजोगा आहे.

कॅथीड्रल याचा अर्थ केवळ मोठें चर्च असा नव्हे. ज्या चर्चमध्यें बिशपाचें आसन असतें, तें कॅथीड्रल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आसन असा आहे. शार्त्र हें फार जुनें बिशपपीठ. परंतु त्याची कीर्ति पसरली ती एका वस्त्रामुळें. येशू ख्रिस्ताच्या जन्मसमयीं त्याच्या मातेनें, म्हणजे मेरीनें, जें वस्त्र परिधान केलें होतें, तेंच हें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. राजा चार्ल्स, ज्याला इतिहासांत 'टकल्या' असें उपपद लागलें आहे, त्यानें तें इ. स. ८७६ मध्यें या देवालयास अर्पण केलें, असें परंपरा सांगते. शतकानुशतकें लोक त्याला अंगरखा समजत. १७१२ सालीं पेटी उघडून पाहतां आंत शिवलेला अंगरखा नसून लांब वस्त्र निघालें. भाविकांची श्रद्धा त्यामुळें ढळली नाहीं. या वस्त्राच्या दर्शनासाठीं यात्रेकरूंची रीघ लागे, मेरीच्या सणांना येथें मोठे बाजार भरत आणि गांवाचा चरितार्थ बव्हंशीं त्यांवर चाले.

आगीचें संकट या देवालयाच्या पांचवीला पुजलेलें होतें. १०२० सालीं तें जळालें, तेव्हां फुल्बेर नांवाच्या विद्वान् बिशपानें तें पुन्हां उभारलें. त्यानें बांधविलेलें भुयारी तळघर आजहि आहे. फ्रान्समधील असल्या तळघरांत तें सर्वांत विशाल गणलें जातें. पुढें ता. १० जून ११९४ च्या रात्रीं पुन्हां भयंकर आग लागली. गांवाचा मोठा भाग जळाला आणि पश्चिमेचा दर्शनी भाग, दोन मनोरे व तळघर एवढें सोडून सर्व देवालय कोसळलें. लोकांनीं आशाच सोडली. वस्त्र जळालें, आतां मेरीनेंच गांवाचा त्याग केला, असें जो तो म्हणूं लागला. तेव्हांच्या वृत्तान्तावरून दिसतें कीं, त्या वेळीं पोपचा एक प्रतिनिधि गांवांत होता. लोकांना जमवून तो धीर देत असतांनाच, तळघरांत अडकलेले धर्मोपदेशक ती पेटी घेऊन सुखरूप बाहेर आले. जनसमुदायाच्या भावनेला एकदम भरती आली. देवमातेनें जुनें घर जळूं दिलें तें याहून मोठें घर हवें म्हणूनच, असा अर्थ लोकांनीं काढला व बांधकामास आरंभ झाला.

काम विलक्षण वेगानें झालें. मुख्य इमारतीचें छत १२२० च्या सुमारास पुरें झालें होतें. ज्या काळीं असलीं मंदिरें शतक-शतक रेंगाळत, त्या काळीं एका पिढीच्या आंत हें घडलें. दगड सुमारें सहा मैलांवरील बेर्शेर येथील खाणींतून येई. याच्याहि पूर्वीं, ११४५ च्या सुमारास मनोऱ्यांचें काम चालू असतां, श्रीमंत व गरीब, स्त्रिया व पुरुष गाड्यांना स्वतःस जुंपून घेऊन दगड ओढीत, असें त्या काळच्या लेखकांनीं लिहून ठेविलें आहे. ता. २४ ऑक्टोबर १२६० रोजीं राजा नववा लुई याच्या उपस्थितींत मंदिराचें पवित्रीकरण झालें.

येथें थोडेंसें बांधणीचें शास्त्र समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर पुढील सौंदर्याचें मर्म कळत नाहीं. दगडी छत अत्यंत जड असतें. तें खालीं दाब देतेंच, शिवाय भिंतींना बाहेरहि रेटतें. म्हणून पूर्वींच्या देवालयांत भिंती जाड व खिडक्या लहान ठेवाव्या लागत; आंत सदा काळोख असे. बाराव्या शतकांत फ्रेंच स्थपतींनीं तीन युक्त्या एकत्र आणल्या. कमान गोल न ठेवतां टोंकदार केली. तिचा भार पुष्कळसा सरळ खालीं उतरतो. छताला दगडी फासळ्या दिल्या. त्यामुळें सर्व भार ठराविक खांबांवर येऊन पडला. आणि बाहेरून, भिंतीपासून कांहीं अंतरावर, भक्कम दगडी टेकू उभारून त्यांवरून अर्धकमानींचे हात छताच्या पायथ्याशीं टेकविले. पडूं पाहणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनीं आधार द्यावा तसा हा प्रकार आहे. शार्त्रच्या या अर्धकमानींत चाकाच्या आऱ्यांसारखे लहान खांब बसविलेले आहेत.

भार असा बाहेर गेल्यावर भिंतीचें काम उरलेंच नाहीं. मग भिंतीच्या जागीं कांच बसविण्यास कोणती हरकत? शार्त्रच्या स्थपतीनें नेमकें हेंच केलें. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. मंदिराची लांबी सुमारें सव्वाचारशें फूट व मध्यभागाची उंची सुमारें १२० फूट आहे, आणि या दगडी सांगाड्यांत १७६ खिडक्यांतून सुमारें २८,००० चौरस फूट रंगीत कांच भरलेली आहे. तींतील बराच मोठा भाग मूळच्या तेराव्या शतकांतील आहे.

दर्शनास पश्चिमेच्या तीन दरवाजांनीं आरंभ करणें सोयीचें. यांस राजद्वार म्हणतात. ११९४ च्या आगींतून वांचलेला हा भाग त्या आगीच्याहि चाळीस-पन्नास वर्षें आधींचा आहे. दरवाजांच्या दोन्ही अंगांस जुन्या करारांतील राजे, राण्या व प्रेषित यांचे उंच, सडपातळ पुतळे खांबांशीं एकजीव होऊन उभे आहेत. मूळच्या चोविसांपैकीं एकोणीस आज उरले आहेत. त्यांचीं शरीरें खांबांप्रमाणें ताठ. परंतु चेहरे मात्र जिवंत, शांत आणि किंचित् स्मित करणारे आहेत.

उजव्या दरवाजावरील कमानींत सात विद्यांच्या मूर्ति कोरलेल्या आहेत आणि प्रत्येक विद्येच्या जोडीला तिच्यांत पारंगत असलेला एक प्राचीन पंडित बसविला आहे. संगीतविद्या घंटांवर आघात करीत आहे, तिच्या खालीं पायथागोरस आपल्या कामांत गढून गेला आहे. व्याकरणविद्येच्या हातीं छडी आहे व तिच्या पायांशीं दोन विद्यार्थी आहेत. ख्रिस्ती मंदिराच्या दारावर ख्रिस्तपूर्व ग्रीक पंडितांना जागा मिळाली याचें कारण असें कीं, त्या काळीं शार्त्रची पाठशाळा सर्व युरोपांत विख्यात होती. तेथील बेर्नार नांवाच्या आचार्याचें एक मत त्याच्या नंतरच्या पिढींतील जॉन ऑफ सॉल्सबरी या विद्वानानें नोंदवून ठेविलें आहे. त्याचा आशय असा : आजचे लोक म्हणजे राक्षसदेही पूर्वजांच्या खांद्यांवर बसलेले बुटके होत. त्यांना दूरचें दिसतें तें स्वतःच्या उंचीमुळें नव्हे, तर खालच्यांच्या उंचीमुळें. हा जॉन पुढें याच शार्त्रचा बिशप झाला.

दरवाजांतून आंत पाऊल टाकतांच बाहेरचा उजेड एकदम मावळतो. घाई करणारा प्रवासी येथेंच फसतो. आंत अंधार आहे असें म्हणून तो पुढें निघतो. परंतु पांच-दहा मिनिटें स्वस्थ बसून राहिलें म्हणजे डोळे निवतात आणि खिडक्या बोलूं लागतात. प्रथम जाणवतो तो निळा रंग. पश्चिमेच्या तीन उंच खिडक्या, तसेंच 'सुंदर गवाक्षांतील देवमाता' या अर्थाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खिडकीचा मधला भाग, हे आगीच्या पूर्वींचे आहेत. त्यांतील निळाईला तोड नाहीं. कांच वितळतांना तींत कोबाल्ट मिसळून हा रंग आणीत.

या खिडक्या नुसत्या पाहावयाच्या नसून वाचावयाच्या आहेत. वाचन बहुधा खालून वर व डावीकडून उजवीकडे करावयाचें असतें. उदाहरणादाखल दक्षिण बाजूची दयाळू शोमरोन्याची खिडकी घ्यावी. तळाशीं चांभार आपल्या कामांत गुंतलेले दिसतात. त्यांच्या वर येशूनें सांगितलेली गोष्ट सुरू होते. एक वाटसरू यरुशलेमहून निघतो. चोर त्याला लुटून, मारून टाकून जातात. धर्माधिकारी येतात आणि बाजूनें निघून जातात. शेवटीं परक्या जातीचा एक शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो व त्याला धर्मशाळेंत पोंचवितो. येथें गोष्ट संपावी; परंतु खिडकी संपत नाहीं. वर आदाम व हव्वा यांची उत्पत्ति, त्यांचा अपराध व नंदनवनांतून हकालपट्टी हीं चित्रें येतात. वाचणाऱ्यानें दोहोंचा मेळ घालावयाचा असतो. रस्त्यावर पडलेला वाटसरू म्हणजे स्वर्गसुखास मुकलेला मनुष्य, आणि त्याला उचलणारा परका तोच तारणारा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना धर्मोपदेशक असा अर्थ खिडकीकडे बोट दाखवून समजावून देऊं शकत.

अन्य खिडक्यांच्या तळाशींहि असेच व्यवसायी लोक भेटतात. नोहाच्या खिडकींत सुतार व चाकें घडविणारे, शार्लमेनच्या खिडकींत लोकरी कातड्यांचे व्यापारी, आणखी कोठें पाववाले, तर कोठें नाणीं पारखणारे सराफ आहेत. या धंदेवाल्यांनीं आपापल्या संघांतर्फे खिडक्या देणगीदाखल दिल्या, असें दीर्घकाळ मानलें जात असे. अलीकडील कांहीं संशोधक यावर शंका घेतात. खर्चाचा भार बिशप व त्याच्या धर्ममंडळानेंच उचलला असावा व लोकांवरील कर त्याच्या मुळाशीं असावेत, असें त्यांचें म्हणणें. मत कोणतेंहि स्वीकारलें, तरी एक गोष्ट खरी कीं, संतांच्या व राजांच्या खालीं, पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या अगदीं जवळ, ज्यांच्या श्रमावर गांव चालत होतें ते लोक रंगविलेले आहेत.

मंदिराच्या दोन बाहूंत समोरासमोर दोन प्रचंड गुलाबाकृति खिडक्या आहेत. उत्तरेकडील खिडकींत फ्रान्सच्या राजघराण्याचीं कमलचिन्हें व कास्टिलचे दुर्ग दिसतात. ती राणी ब्लांश हिची देणगी असल्याची ही खूण आहे. दक्षिणेकडील गुलाबाखालीं बेर्नार आचार्याच्या विचाराची आठवण करून देणारें दृश्य आहे. यशया, यिर्मया, यहेज्केल व दानिएल हे जुन्या करारांतील चार प्रेषित उभे आहेत, आणि शुभवर्तमानांचे चार लेखक लहान मुलांप्रमाणें त्यांच्या खांद्यांवर बसलेले आहेत. नवा करार जुन्याच्या आधारावर उभा आहे, हा सिद्धान्त याहून सोप्या रीतीनें सांगतां आला नसता.

मध्यभागाच्या फरशींत सुमारें ४२ फूट व्यासाचें एक वर्तुळाकार चक्रव्यूह बसविलेलें आहे. याची वाट एकच आहे. चुकावयाचा संभव नाहीं. मात्र ती इतकी वळणें घेते कीं, मध्य हाताशीं आला असें वाटतांच पुन्हां कडेस जावें लागतें. चालून गेल्यास साडेआठशें फुटांहून अधिक चाल होते. एरव्हीं त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. ठराविक दिवशीं त्या उचलून तें मोकळें ठेवितात व लोक मुकाट्यानें त्यावरून चालतांना दिसतात.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचें. हें सर्व टिकलें कसें?

आपोआप तर खास टिकलें नाहीं. १५०६ सालीं विजेनें उत्तर मनोऱ्याचें लाकडी शिखर जाळलें. झां द बोस या स्थपतीनें त्या जागीं नव्या धाटणीचें दगडी शिखर चढविलें. तोच आजचा सुमारें ३७० फुटांचा नक्षीदार मनोरा. जुना साधा मनोरा त्याहून कांहींसा ठेंगणा असला तरी, आज पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांना तोच अधिक भारदस्त वाटतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळीं संकट माणसांकडून आलें. तळघरांतील देवमातेची प्राचीन काष्ठमूर्ति १७९३ सालीं बाहेर आणून जाळण्यांत आली. छपरावरील शिसेंहि काढून नेलें. सर्व मंदिरच पाडून टाकावें असा बेत निघाला होता. असें सांगतात कीं, एका वास्तुकारानें शांतपणें हिशेब करून दाखविला : एवढी इमारत पाडल्यास दगडमातीच्या ढिगाऱ्यांनीं गांवांतील रस्ते वर्षानुवर्षें बंद पडतील. भक्तीचा मुद्दा ज्यांना पटला नसता, त्यांना अडचणीचा पटला आणि बेत राहिला.

१८३६ सालीं छपराची डागडुजी करणाऱ्या कामगारांच्या हलगर्जीपणामुळें पुन्हां आग लागली व छताच्या वरचा, 'अरण्य' म्हणून ओळखला जाणारा लाकडी सांगाडा जळून खाक झाला. दगडी छतानें मात्र आग खालीं उतरूं दिली नाहीं, खिडक्या वांचल्या. नंतर लाकडाऐवजीं लोखंडी सांगाडा उभारून त्यावर तांब्याचे पत्रे चढविण्यांत आले. मंदिराच्या छपराची आजची हिरवट छटा त्या तांब्याची आहे. ता. १५ एप्रिल २०१९ रोजीं पॅरिसच्या नोत्र-दामचें लाकडी छप्पर जळालें, तेव्हां शार्त्रच्या या जुन्या कहाणीचें अनेकांना स्मरण झालें.

सर्वांत मोठी परीक्षा विसाव्या शतकांत झाली. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास सर्व रंगीत खिडक्या खांचेखांचेंतून सोडवून उतरविण्यांत आल्या. त्या पेट्यांत भरून आधीं तळघरांत व नंतर दूर दोर्दोन्य प्रांतांतील दगडाच्या खाणींत ठेविल्या गेल्या. युद्धाचीं वर्षें मंदिरानें साध्या आडोशाच्या खिडक्यांवर काढलीं. पुढें ऑगस्ट १९४४ मध्यें अमेरिकन सैन्य गांवाशीं येऊन ठेपलें. मनोऱ्यांत जर्मन टेहळे लपले असावेत, अशा संशयानें मंदिरावर तोफा डागण्याचा विचार झाला. वेलबोर्न ग्रिफिथ नांवाच्या कर्नलनें हा बेत तपासून पाहण्याचें स्वतः अंगावर घेतलें. ता. १६ ऑगस्ट रोजीं तो मंदिरांत शिरला, मनोरा चढून गेला, कोणीहि शत्रु नाहीं अशी खात्री करून घेतली, आणि तोफांचा बेत रद्द झाला. त्याच दिवशीं जवळच्या लेव्ह गांवीं झालेल्या चकमकींत तो मारला गेला. ज्या मंदिरासाठीं त्यानें जीव धोक्यांत घातला, त्याच्या खिडक्या त्यानें पाहिल्याहि नव्हत्या. त्या खाणींत होत्या.

टिकविण्याचा प्रश्न येथेंच संपत नाहीं. कांहींएक वाद आजच्या पिढीपुढेंहि उभा आहे. मेणबत्त्यांचा, दिव्यांचा व आगींचा धूर शतकानुशतकें बसून मंदिराचा अंतर्भाग काळवंडला होता. गूढ अंधार आणि त्यांतून चमकणाऱ्या कांचा, हेंच शार्त्रचें खरें रूप, असें कित्येक पिढ्यांनीं मानलें. २००९ सालापासून फ्रेंच सरकारनें भिंती व छत स्वच्छ करण्याचें मोठें काम हातीं घेतलें. काजळीच्या खालीं तेराव्या शतकांतील पिवळसर रंगाचा थर व त्यावर पांढऱ्या रेघांनीं काढलेले दगडांचे सांधे मिळाले. त्यांच्या आधारें अंतर्भाग पुन्हां उजळ करण्यांत आला. काळी देवमाता म्हणून ज्या मूर्तीपुढें लोक मेणबत्त्या लावीत, तिचा चेहराहि गोरा झाला.

यावर मोठी ओरड झाली. विरोधकांचें म्हणणें असें : काळानें चढविलेला थर हाहि इतिहासच आहे; तो पुसण्याचा अधिकार कोणास? शिवाय भिंती उजळ झाल्यानें खिडक्यांचें तेज मंदावतें. समर्थक म्हणतात : काजळी ही कोणाची कलाकृति नव्हे, मूळ कारागिरांनीं उजळ मंदिर बांधलें होतें आणि भिंतींवरील रंग व खिडक्यांतील रंग यांचा मेळ त्यांनींच योजिला होता. दोन्ही पक्षांत जाणते लोक आहेत. मूळ थर खरोखरच सांपडला, ही गोष्ट समर्थकांच्या बाजूस वजन टाकते. तरीहि ज्या मूर्तीला पिढ्यानपिढ्या भाविकांनीं काळी म्हणूनच हात जोडले, तिचा वर्ण बदलतांना त्यांच्या भावनेचा विचार अधिक व्हावयास हवा होता, असें म्हणणाऱ्यांचा मुद्दाहि सहज झटकून टाकतां येत नाहीं. जतन करणें म्हणजे पहिल्या दिवसाचें रूप परत आणणें, कीं हातीं आलें तसें पुढें देणें? याचें एकच उत्तर सर्व वास्तूंना लागू पडेल असें दिसत नाहीं.

ज्यांना शार्त्र पाहावयाचें आहे त्यांनीं एका दिवसांत पॅरिसला परतण्याची घाई न करणें बरें. खिडक्या सूर्यावर अवलंबून आहेत. सकाळीं पूर्वेकडील, दुपारीं दक्षिणेकडील आणि मावळतीस पश्चिमेच्या त्या जुन्या निळ्या खिडक्या उजळून निघतात. ढगाळ दिवशीं उत्तरेचा गुलाब विशेष शांत दिसतो. बरोबर एक लहान दुर्बीण असावी. वरची चित्रें उघड्या डोळ्यांना नीट उमगत नाहींत. आणि हें चालतें देवालय आहे याचें भान राखून उपासनेच्या वेळीं फिरणें टाळावें.

युनेस्कोनें १९७९ सालीं शार्त्रचें नांव जागतिक वारशाच्या यादींत घातलें. परंतु यादींत नांव घातल्यानें दगड टिकत नाहीं. गाड्या ओढणारे गांवकरी, पेटी छातीशीं धरून तळघरांत बसलेले धर्मोपदेशक, ढिगाऱ्याचा हिशेब मांडणारा वास्तुकार, खिडक्या एकेक करून उतरविणारे कामगार आणि मनोरा चढून जाणारा परदेशी सैनिक, यांपैकीं कोणी एक जरी आपल्या वेळीं मागें सरला असता, तरी आज पाहण्यास काय उरलें असतें हें सांगवत नाहीं. यांतील बहुतेकांचीं नांवेंहि इतिहासाला ठाऊक नाहींत. दक्षिणेच्या खिडकींतील चार लेखक ज्यांच्या खांद्यांवर बसले आहेत, त्यांचीं नांवें तरी कांचेवर लिहिलेलीं आहेत. या मंदिराचा भार वाहणारे खांदे मात्र निनांवीच राहिले.